चित्र कोणी उतरवलं?

कर्जतहून कोंदिवड्याच्या बाजूने राजमाचीच्या डोंगराकडे निघालं, की झाडीतली चढण संपता संपता कोंडाणे लेणी समोर येतात. पावसाळ्यात लेण्याच्या कपाळावरून धबधबा कोसळतो आणि ट्रेकवाल्यांची गर्दी बहुधा त्याच्याखालीच फोटो काढून परत फिरते. चैत्यगृहाचा दर्शनी भाग बराच पडला आहे. तरी डाव्या अंगाला एका मोठ्या मूर्तीचा उरलेला तुकडा दिसतो आणि त्याला लागून ब्राह्मी अक्षरांची एक ओळ. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढंच त्या ओळीत आहे. सह्याद्रीतल्या लेण्यांत नावं पुष्कळ सापडतात, पण ती दान देणाऱ्यांची. छिन्नी चालवणाऱ्याचं नाव क्वचितच. बलकाने स्वतःचं कोरलं आणि सोबत गुरूचंही कोरलं.

गंमत अशी की बलक आणि त्याचे सोबती जे करत होते ती एक प्रकारची नक्कलच होती. कोंडाण्याच्या दर्शनी भागावरच्या कमानी, जाळ्या, तुळयांची पुढे आलेली टोकं हे सगळं लाकडी इमारतीचं रूप आहे, दगडात उतरवलेलं. कर्जत-खालापूरच्या कलेचा इतिहास असा नक्कल करून वर सही ठोकणाऱ्या माणसापासून सुरू होतो.

ही ओळ अभ्यासकांच्या टेबलापर्यंत गेली तीही एका साधनाच्या जोरावर. लेखावर ओला कागद चिकटवायचा, ब्रशने हलके हलके ठोकत तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, वाळला की सोलून काढायचा. कागदावर अक्षरं उठतात, उलटी, पण दगडातल्या प्रत्येक खाचेनिशी. नुसती नजरेने केलेली नक्कल आणि असा ठसा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडे, कारण नक्कल करणारा जे अक्षर आहे असं समजे तेच काढून मोकळा होई. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ मध्ये पश्चिम हिंदुस्थानातल्या लेण्यांच्या शिलालेखांचा संग्रह छापला. साधन वापरल्याने इथे विद्येची अब्रू वाढली, गेली नाही.

चित्रकारांच्या दुनियेत मात्र हा प्रश्न आला की आवाज चढतात. फोटो प्रोजेक्टरने कॅनव्हासवर पाडायचा, पेन्सिलीने रेषा ओढून घ्यायच्या आणि मग रंगवायला बसायचं, हे चित्र काढणं की नुसतं गिरवणं? महाराष्ट्रात तर ‘फ्री हँड’ हा शब्द शाळेपासून कानावर पडतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेली पिढ्यान्‌पिढ्यांची मुलं हात मोकळा असणं म्हणजेच चित्रकला अशा समजुतीत वाढली. त्याच घरांत दारापुढे आधी ठिपके मांडून मग रांगोळी काढली जाते आणि ठिपके मांडले म्हणून रांगोळीला कोणी नावं ठेवत नाही.

चौकपासून बोरघाट चढून मळवलीपर्यंतचा पट्टा या वादाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. गेल्या सव्वादोनशे वर्षांत चित्र उतरवण्याचं जवळजवळ प्रत्येक साधन या वाटेवर किंवा तिच्या दोन टोकांना वापरलं गेलं. ती हकिकत पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. साधनावरून भांडण फारसं झालंच नाही. खरी गडबड झाली ती नावाची.

पेशवाईच्या अखेरच्या काळात मुंबईहून पुण्याला जायचं तर खाडी ओलांडून पनवेल, तिथून चौक, खालापूर, खोपोली आणि मग घाट. खोपोलीचं तळं आणि महादेवाचं देऊळ नाना फडणविसांनी बांधलं ते याच वाटेवर. इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईला उतरला आणि पुढे मॅलेटच्या आसऱ्याने पुण्यात पोचला. त्याने सवाई माधवराव, नाना, महादजी शिंदे यांची चित्रं काढली. वेल्सच्या हाताखाली शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिच्याशी जोडलेलं सर्वांत ठळक मराठी नाव म्हणजे गंगाराम तांबट. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, कार्ल्याची लेणी, वेरूळची लेणी असं बरंच काही गंगारामच्या हातून कागदावर उतरलं.

त्याच सुमारास, १७९३ मध्ये, थॉमस आणि विल्यम डॅनियल ही काका-पुतण्याची जोडी मुंबई इलाख्यात फिरत होती. त्यांच्या सामानात कॅमेरा ऑब्स्क्युरा असे. ही एक काळोखी पेटी. पुढे भिंग, आत पंचेचाळीस अंशांत बसवलेला आरसा, वर दुधी काच. समोरचं देऊळ, झाड, डोंगर त्या काचेवर उमटतं. काचेवर पातळ कागद ठेवून बाह्यरेषा ओढून घ्यायच्या. डोक्यावर काळं कापड घेतल्याशिवाय चित्र दिसत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हात त्या कापडाखाली तासभर बसणं म्हणजे काय, हे ज्याने बसून पाहिलं त्यालाच कळेल. विल्यमच्या रोजनिशीत या पेटीचे उल्लेख आहेत, त्यात लपवाछपवी काही नाही. लंडनच्या गिऱ्हाइकाला हिंदुस्थान जसा आहे तसा हवा होता, आणि ‘जसा आहे तसा’ची हमी पेटी देत होती. साधन वापरलं हा त्या काळी मालाचा गुण होता.

आता नावाची गोष्ट. १७९० मध्ये टिपूविरुद्ध इंग्रज आणि पेशवे यांचा तह झाला. त्या दरबाराचं भव्य तैलचित्र थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पुरं केलं. पेशवे, नाना, मॅलेट, दाटीवाटीने बसलेले सरदार, सगळे चेहरे ओळखू यावेत असे. डॅनियल त्या दरबारात नव्हता. वेल्स तर तेव्हा हिंदुस्थानात पोचलाही नव्हता. वेल्सने नंतर एकेकाचे चेहरे टिपले, १७९५ मध्ये तो वारला आणि त्याच्या रेखाटनांवरून डॅनियलने इंग्लंडात दरबार उभा केला. वेरूळच्या लेण्यांची २४ दृश्यं १८०३ मध्ये छापली गेली, तेव्हा ग्रंथाच्या माथ्यावर वेल्स आणि डॅनियल ही दोन नावं आली. वेरूळला बसून गंगारामनेही रेखाटनं केली होती. त्याचं नाव मराठी वाचकापर्यंत पोचायला विसावं शतक उजाडावं लागलं.

या कुटुंबाचा एक धागा थेट कर्जत तालुक्यात येतो. वेल्सची मुलगी सुझाना १७९९ मध्ये मॅलेटची बायको झाली. त्यांचा एक मुलगा ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट पुढे ठाण्याचा कलेक्टर झाला, हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. १८५० च्या मे महिन्यात चौकला मुक्काम असताना तो समोरचा डोंगर चढून गेला आणि साहेब लोकांना माथेरान सापडलं. धनगर, ठाकर, कातकरी यांना ते कधी हरवलंच नव्हतं, ती बात वेगळी. शनिवारवाड्यात चित्रशाळा मांडणाऱ्या चित्रकाराचा नातू माथेरानचा ‘शोधक’ ठरला, ही जोडणी स्थानिक इतिहासात फारशी कोणी सांगत नाही.

बोरघाटाचं दृश्य विलायतेत पोचलं ते रॉबर्ट ग्रिंडले या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याच्या ग्रंथातून. १८२६ ते १८३० या काळात तो भागाभागांनी निघाला. त्यातलं घाटाचं चित्र विल्यम वेस्टॉलचं. हा गृहस्थ ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची मोजणी करणाऱ्या जहाजावरचा चित्रकार, पुढे जहाज फुटून प्रवाळाच्या खडकावर अडकला, चीनमार्गे १८०४ मध्ये मुंबईला आला आणि घाटापर्यंत जाऊन आला. अशा ग्रंथांत मूळ चित्राला किती हात लागत पाहा. एकाने जागेवर रेखाटलं, दुसऱ्याने ते तांब्याच्या पत्र्यावर उलटं उतरवलं, आम्लाने पत्रा खाऊन घेतला, तिसऱ्याने छापलं, आणि मग कारखान्यात बसलेल्या रंगाऱ्यांनी प्रत्येक प्रतीवर ब्रशने रंग भरला. रंगाऱ्यांचं नाव कुठेही नाही.

पेटी जाऊन हातात मावणारं काचेचं लोलक आलं ते १८०६ मध्ये. वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाचा कॅमेरा ल्युसिडा. दांडीवर बसवलेल्या लोलकातून एका डोळ्याने पाहायचं, म्हणजे समोरचं दृश्य आणि खालचा कागद एकाच वेळी दिसतात. कागदावर प्रत्यक्षात काहीच पडलेलं नसतं, सगळा खेळ डोळ्यात. मान जराशी हलली की देवळाचा कळस खांबावर येऊन बसतो. वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन याने हिंदुस्थानातल्या इमारतींची आणि लेण्यांची रेखाटनं या साधनाने केली आणि ते अभिमानाने सांगितलं. उलट हेन्री फॉक्स टॅल्बटला १८३३ मध्ये इटलीत कोमो सरोवराकाठी हेच यंत्र घेऊन धड चित्र जमेना. त्या वैतागातून, चित्र आपलं आपण कागदावर उमटलं तर, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याची छायाचित्रणाची खटपट सुरू झाली. यंत्र हाताशी असलं तरी रेषेसाठी हात लागतोच, याचा इतका चोख पुरावा दुसरा सापडायचा नाही.

मग घाटात आगगाडी आली. १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत पोचली आणि १८६३ मध्ये कर्जतच्या बाजूने घाट चढली. २५ बोगदे, आठ मोठे पूल. एवढ्या कामामागे नकाशांचे ढीग असणार, आणि नकाशाची प्रत म्हणजे मूळ कागदावर पारदर्शक कापड अंथरून शाईने ओढलेली रेघ. पुढे सरकारी बांधकाम खात्यांत यासाठी स्वतंत्र पद झालं, अनुरेखक, बोलीत ट्रेसर. जिल्ह्याजिल्ह्याच्या कचेऱ्यांत ट्रेसरांनी जन्मभर दुसऱ्याच्या रेघा गिरवल्या, त्यावर संसार केले, पेन्शनी घेतल्या. त्यांना नकलाकार म्हणून हिणवल्याचं ऐकिवात नाही.

या वाटेवरचा सगळ्यात मोठा कारखाना घाट चढून गेल्यावर, मळवलीला. राजा रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला, गिरगावात. पुढे शहरात प्लेगाने हाहाकार केला. प्रेस आधी घाटकोपर आणि मग शतक संपता संपता लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मुंबईहून तिकडे जाणाऱ्या रेल्वेला कर्जतचा घाट चुकत नाही, तेव्हा त्या जडशीळ शिळा, यंत्रं आणि परत येणारी लक्ष्मी-सरस्वतीची बंडलं याच चढणीने वर-खाली झाली असणार.

रविवर्म्यांचं एक तैलचित्र छापील कागदावर कसं उतरे, ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी चित्रावर पारदर्शक पत्रा ठेवून प्रत्येक रेषा आणि प्रत्येक रंगाची हद्द कोरून घ्यायची. नुसता चेहऱ्याचा घेर नव्हे. गालावर जिथे गुलाबी संपून पिवळट सुरू होतो तिथेही रेघ. या आराखड्याचे तांबड्या पुडीने ठसे घेऊन ते एकेका शिळेवर उमटवायचे, म्हणजे सगळ्या शिळांवर तेच चित्र त्याच जागी येतं. मग एक शिळा पिवळ्याची, एक तांबड्याची, एक निळ्याची, एक मांसवर्णाची, असं करत ती रास वाढत जाई. कारागीर तेलकट शाईने शिळेवर ठिपके मारत बसे, दाट छाया तिथे दाट ठिपके, उजेड तिथे विरळ. सारं उलटं, आरशात दिसावं तसं. कागद एकामागून एक सगळ्या शिळांवरून जायचा आणि केसभर सरकला तर सरस्वतीला दोन नाकं. शेवटी वार्निश, आणि काही प्रतींवर दाबून कॅनव्हासच्या विणीचा पोतही उठवलेला असे, कागद हाताला कापडासारखा लागावा म्हणून.

याला नक्कल म्हणायचं असेल तर म्हणावं, पण हे ठिपके मारायला जो डोळा लागतो तो शंभरांत एकालाही नसतो. घराघरांतल्या देव्हाऱ्यांवर टांगलेल्या त्या तसबिरींवर सही मात्र रविवर्म्यांची. स्वतः रविवर्मा बंधूंना फोटोचं वावडं नव्हतं, चित्रांसाठी ते छायाचित्रांचा आधार घेत. प्रेस पुढे त्यांनी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला, १९०६ मध्ये रविवर्मा गेले, तरी त्यांच्या नावाने छपाई चालूच राहिली. १९७२ मध्ये प्रेसला आग लागली. ठिपके मारणाऱ्यांपैकी एखाद-दुसऱ्याचं नाव अभ्यासक सांगतात, बाकीची मंडळी त्या शिळांवरूनच पुसली गेली.

या प्रेसशी नातं असलेल्या एका माणसाचं नाव मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. धुंडिराज गोविंद फाळके. १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, मग पुराणवस्तू खात्यात नोकरी. रविवर्मा प्रेससाठी त्यांनी फोटो-लिथोची कामं केली. यात रेषा ओढायलाही माणूस लागत नाही. रसायन लावलेल्या जिलेटिनच्या कागदावर निगेटिव्हमधून उजेड सोडायचा, जिथे उजेड लागला तिथेच शाई धरते, आणि तो कागद शिळेवर दाबला की चित्र जसंच्या तसं दगडावर. १९०८ मध्ये फाळक्यांनी लोणावळ्यातच स्वतःचा छापखाना काढला, तो पुढे दादरला नेला, रंगीत छपाईचं यंत्र आणायला १९०९ मध्ये जर्मनी गाठली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. एका सपाटीवरचं चित्र दुसऱ्या सपाटीवर उजेडाने पाडायचं, हेच काम लोणावळ्यात दगडावर चाललं होतं आणि मुंबईत पडद्यावर.

संगीत नाटकांचे पडदे रंगवणारे याच जातकुळीचे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर, पडदे रंगवता रंगवताच सिनेमात शिरले. पुढे सिनेमाचे फलक रंगवणाऱ्या पेंटरांनी मुंबईचे नाके व्यापले. मकबूल फिदा हुसेन त्यातलेच एक. हातभर स्टिल फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखायचे, भिंतीएवढ्या कापडावर दोरी मारून तेवढेच चौकोन पाडायचे आणि घरामागून घर भरत जायचं. याला पेंटर लोक ‘ग्राफ टाकणे’ म्हणतात. नटीचा डोळा तीन फूट लांब झाला तरी नजर तीच राहिली पाहिजे. ग्राफ डोळ्याची जागा सांगतो, नजर सांगत नाही. म्हणून एकाच फोटोवरून दोन पेंटरांनी केलेले दोन फलक लांबूनही वेगळे ओळखू येत. नव्वदीनंतर फ्लेक्स आला आणि हा धंदाच बसला.

लोक ज्याला कर्जतचा एन. डी. स्टुडिओ म्हणतात तो खालापूर तालुक्यात, चौकजवळ. ह्यू मॅलेटचा तंबू पडला होता त्या टापूतच. नितीन चंद्रकांत देसाई यांनी तो २००५ मध्ये उभारला. ‘जोधा अकबर’ची आग्र्याचं वैभव इथे उभं राहिलं, ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेचा दरबार इथे भरला. कला दिग्दर्शनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा माणूस २ ऑगस्ट २०२३ रोजी याच स्टुडिओत गेला. सेट म्हणजे कागदावरचं रेखाचित्र, मग लहान प्रतिकृती, मग प्रत्यक्ष आकार, अशी मापाने चढत जाणारी नक्कलच. संगमरवर दिसतो तो प्लास्टर, दगड दिसतो तो फायबर, जाळीची नक्षी साच्यातून निघालेली. सिनेमावाल्यांची एक रीत मात्र चित्रकारांनी घ्यावी अशी आहे. शेवटी पाट्या सरकतात, तेव्हा सुतार, मोल्डर, पेंटर यांची नावं झरझर का होईना, वर जातात.

चित्रप्रदर्शनात हे होत नाही. चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २००१ मध्ये पुस्तक लिहून, युरोपातले जुने उस्ताद भिंगं-आरसे वापरत होते, असं मांडलं तेव्हा कलेतिहासकार खवळले. कारण पुराव्यांवर मतभेद होतेच, पण उस्तादांनी ‘फसवलं’ असा अर्थ लोक काढतील ही भीतीही होती. फसवणूक भिंगात नसते. शेपर्ड फेअरी या अमेरिकन कलाकाराने २००८ मध्ये बराक ओबामांचं गाजलेलं पोस्टर केलं, तेव्हा मूळ फोटो असोसिएटेड प्रेससाठी मॅनी गार्सिया यांनी काढलेला निघाला. खटला झाला, २०११ मध्ये तडजोड झाली. फोटोवरून चित्र का केलं, असं कोणी विचारलं नाही. कोणाच्या फोटोवरून आणि कोणाला विचारून, एवढाच मुद्दा होता. आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदाही फोटोला कलाकृती मानतो आणि तिचं दुसऱ्या माध्यमात पुनरुत्पादन करण्याचा हक्क फोटोच्या हक्कदाराकडे ठेवतो. प्रोजेक्टरबद्दल त्या कायद्याला काही म्हणायचं नाही.

भिंतीवर चित्राशेजारी जी चिठ्ठी लावतात तिच्यावर चित्रकाराचं नाव, माध्यम, माप आणि किंमत असते. तिथे आणखी दोन ओळींची जागा सहज निघेल: मूळ छायाचित्र कोणाचं, आणि कॅनव्हासवर रेषा कोणी उतरवून दिल्या. स्वतःच उतरवल्या असतील तर तेही लिहावं, प्रोजेक्टर की ग्राफ ते कंसात. गिऱ्हाईक पळून जाईल असं वाटत असेल, तर डॅनियलांनी पेटीचं नाव सांगून लंडनच्या गिऱ्हाइकाकडून किती पैसे वसूल केले, ते एकदा आठवून पाहावं.